दोन घोडे, एक हत्ती आणि एक राहिलेला डाव

स्मरणिका समितीतली मुलं घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही पहिल्या दिवसापासून इथे आहात, काहीतरी आठवणी लिहा." आता पाण्याच्या टँकरचे दिवस, लिफ्ट सुरू झाली तो दिवस, पहिल्या वर्षीचा गणपती, यांवर इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. म्हणून मी ठरवलं की आपल्या जिन्याशेजारी जे कडप्प्याचं टेबल आहे, त्याच्याविषयी लिहावं. निदान त्या टेबलावरच्या एका डावाविषयी. तो डाव संपायला बारा वर्षं लागली आणि त्याचा हिशेब समजून घ्यायला मला थेट बगदादपर्यंत जावं लागलं. अर्थात पुस्तकांतून.

नव्या सभासदांसाठी सांगतो. २००० साली आपण ताबा घेतला तेव्हा कंत्राटदाराचे ओट्याचे कडप्पे उरले होते. त्यातल्या एकाला विटांचे पाय करून टेबल झालं. रंगाऱ्याला चहा पाजून त्यावर चौसष्ट घरं रंगवून घेतली ती मास्तरांनी. मास्तर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे. नाव लिहीत नाही, जुन्यांना ते माहीत आहे आणि नव्यांना 'मास्तर' एवढं पुरे. गणिताचे निवृत्त शिक्षक, सांगलीकडचे. तरुणपणी सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळातल्या स्पर्धा बघायला सायकलने जायचे. मी त्यांच्यापेक्षा लहान, बँकेत नोकरीला. कॅश टॅली करून घरी आलो की सात ते साडेआठ आमचा डाव. मी त्यांना 'मास्तर' म्हणायचो आणि ते मला 'साहेब'. त्या 'साहेब'मध्ये आदर किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तो डाव

ऑगस्ट २०१३. बाहेर पाऊस. डाव शेवटाकडे आला होता. माझ्याकडे राजा, एक हत्ती आणि चार प्यादी. मास्तरांकडे राजा, दोन घोडे आणि तीन प्यादी. पटाच्या उजव्या बाजूला तीनास तीन प्यादी समोरासमोर, आणि डाव्या बाजूला माझं एक प्यादं एकटंच, मोकळं. त्याच्या वाटेत मास्तरांचं एकही प्यादं नव्हतं. त्या प्याद्याचा मला फार अभिमान.

मी मनात बेरीज केली. लहानपणापासून आपण जे शिकतो ते असं : प्याद्याला एक, घोड्याला तीन, उंटाला तीन, हत्तीला पाच, वजिराला नऊ. म्हणजे माझे पाच अधिक चार, नऊ. मास्तरांचे सहा अधिक तीन, नऊ. ट्रायल बॅलन्स टॅली! मी म्हणालो, "मास्तर, जेवायची वेळ झाली. बरोबरी घेऊ या."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "साहेब, तुमची बेरीज बरोबर आहे. हिशेब चुकलाय."

"म्हणजे?"

"उद्या सांगतो."

चाल त्यांची होती. पूर्वी मोठ्या स्पर्धांमध्ये डाव अर्धवट राहिला की ज्याची चाल असेल तो ती कागदावर लिहून पाकिटात बंद करायचा, म्हणजे रात्रभर विचार करण्याचा फायदा कोणा एकालाच मिळत नसे. संगणक आले आणि १९९०च्या दशकात ही पद्धत मागे पडली, पण मास्तरांना ती फार आवडायची. मी पे-इन स्लिपच्या मागे पटाची स्थिती काढली. मास्तरांनी आपली चाल लिहिली, मेंटेनन्स बिलाच्या जुन्या पाकिटात घातली, डिंकाने चिकटवली आणि माझ्या हातात दिली. "साहेब, तुम्ही बँकेचे. लॉकर तुमच्याकडे."

त्याच रात्री त्यांच्या छातीत दुखू लागलं. त्यांना दवाखान्यात नेलं आणि पाचव्या दिवशी मास्तर गेले.

तेरावं झाल्यावर मी पाकीट घेऊन वहिनींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ते तुमच्याकडेच असू द्या." ते माझ्या कपाटात, पासबुकांच्या गठ्ठ्यात राहिलं. उघडायचा धीर झाला नाही. पण 'हिशेब चुकलाय' हे शब्द मात्र जाईनात. अडतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला असं कोणी म्हणावं! माझी चूक कुठे होती, ते शोधायचंच असं मी ठरवलं.

दिरहमचा हिशेब

शोधता शोधता पहिली गोष्ट कळली ती अशी, की हत्ती आणि घोडा यांच्या किमतीचं भांडण हजार वर्षांहून जुनं आहे.

बुद्धिबळ आपल्याकडचं, हे सगळ्यांना माहीत असतं. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं : हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. इथून ते इराणात गेलं आणि तिथून अरबांकडे. या प्रवासात मोहऱ्यांची नावं पार बदलली. आपण मराठीत ज्याला हत्ती म्हणतो, त्या कोपऱ्यातल्या मोहऱ्याला अरब 'रुख' म्हणत. त्यांचा हत्ती, म्हणजे 'फील', आपला उंट बसतो तिथे बसायचा. रशियात आजही आपल्या उंटाला हत्ती म्हणतात आणि आपल्या हत्तीला नाव. बंगालमध्येही कोपऱ्यात नौकाच असते. नावं काही का असेनात, कोपऱ्यातल्या मोहऱ्याची सरळ चाल आणि घोड्याची अडीच घरांची चाल या दोन्ही तेव्हापासून तशाच राहिल्या आहेत. वजीर आणि उंट यांच्या चाली मात्र पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात बदलल्या. त्याआधीचा वजीर बिचारा एक घर तिरका सरकायचा.

नवव्या-दहाव्या शतकात बगदादच्या खलिफांच्या दरबारी बुद्धिबळाचे पट्टीचे खेळाडू असत. अल-अदली हा त्यांतला एक, त्याने या खेळावर ग्रंथ लिहिला. त्याच्यानंतरचा अस-सूली. याने दहाव्या शतकाच्या सुरुवातीला खलिफा अल-मुक्तफीच्या दरबारात खलिफाच्याच आवडत्या खेळाडूला हरवलं होतं. या मंडळींनी मोहऱ्यांच्या किमती ठरवल्या, आणि कशात म्हणाल? पैशांत! दिरहम हे त्यांचं चांदीचं नाणं. रुख म्हणजे एक पूर्ण दिरहम. घोडा म्हणजे दिरहमाचे दोन-तृतीयांश. प्यादं चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी.

हे वाचलं आणि माझ्यातला कॅशियर जागा झाला. दिरहमाच्या जागी आपला जुना रुपया धरा. हत्ती म्हणजे एक रुपया. घोडा म्हणजे दहा आणे आठ पै. दोन घोडे म्हणजे एक रुपया पाच आणे चार पै. हत्तीबरोबर एक प्यादं धरलं आणि त्याला अगदी पावली दिली, तरी होतात एक रुपया चार आणे. म्हणजे एक आणा चार पै मास्तरांच्या बाजूने! बगदादचा निकाल माझ्या विरुद्ध गेला.

पैठणच्या घराण्याचा घोडा

घोड्याचा एक गुण आपल्या लोकांनी फार पूर्वी ओळखला होता. घोड्याला पटावरच्या चौसष्ट घरांत प्रत्येक घरी एकदाच पाय ठेवून फिरवून आणायचं, हे कोडं तुम्ही ऐकलं असेल. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या रुद्रटाने आपल्या 'काव्यालंकार' या ग्रंथात अर्ध्या पटावरची घोड्याची अशी फेरी चक्क श्लोकात गुंफली. अक्षरं ओळीने वाचली काय आणि घोड्याच्या चालीने वाचली काय, श्लोक तोच! पुढे सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी 'नीतिमयूख' या ग्रंथात पूर्ण पटाची फेरी दिली. हे नीलकंठ काशीचे पंडित, पण त्यांचं घराणं मूळचं आपल्या पैठणचं.

मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. तिरुवेंगडाचार्य शास्त्री नावाच्या पंडितांचा संस्कृतावरून केलेला बुद्धिबळाच्या कूटांचा इंग्रजी ग्रंथ १८१४ साली मुंबईत छापला गेला. त्यातली कूटं युरोपीय खेळाला जुळवून घेतलेली होती. पेशवाई अजून बुडायची होती, त्या काळातली ही गोष्ट.

घोड्याच्या फेरीवरून मला एक हिशेब सुचला आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मोकळ्या पटावर हत्ती कुठेही ठेवा, त्याला जायला चौदा घरं मिळतात. घोड्याचं तसं नाही. कोपऱ्यात त्याला दोनच घरं मिळतात, मध्यभागी आठ. चौसष्ट घरांची सरासरी काढली तर सव्वापाच येते. म्हणजे दोन घोड्यांची मिळून साडेदहा घरं, आणि एकट्या हत्तीची चौदा! मग दोन घोडे भारी कसे? मी खूश झालो. मनात म्हटलं, मास्तर, आता बोला.

पण ही आकडेमोड रिकाम्या पटाची होती. पटावर प्यादी उभी असली की हत्तीची वाट अडते. तो भिंतीमागे उभा राहतो. घोडा मात्र भिंतीवरून उडी मारतो.

इंग्रज साहेबाचा दशांश

१८४७ साली इंग्लंडच्या हॉवर्ड स्टॉन्टन यांचं बुद्धिबळाचं हँडबुक निघालं. आज आपण ज्या आकाराचे मोहरे वापरतो त्यांना ज्यांचं नाव आहे, तेच हे स्टॉन्टन. त्यांच्या पुस्तकात मोहऱ्यांच्या किमती दशांशात दिल्या आहेत. प्यादं १, घोडा ३.०५, उंट ३.५०, हत्ती ५.४८, वजीर ९.९४. जणू व्याजाचे दरच!

पुन्हा बेरीज. दोन घोडे ६.१०. हत्ती आणि प्यादं ६.४८. या वेळी ०.३८ने मी पुढे! बगदादने मास्तरांना दिलेला निकाल लंडनने फिरवला होता. बँकेत हेड ऑफिसची दोन परिपत्रकं एकमेकांविरुद्ध निघाली की आम्ही काय करायचो? तिसऱ्याची वाट बघायचो. मीही तेच केलं.

हेस्टिंग्जचे घोडे

दरम्यान मास्तरांच्या नातवंडांनी त्यांची वही मला वाचायला दिली. त्यात मास्तरांनी एक डाव सुंदर अक्षरात उतरवून ठेवला होता : १८९५, इंग्लंडातलं हेस्टिंग्ज, लास्कर विरुद्ध चिगोरिन.

मिखाईल चिगोरिन हा रशियन खेळाडू. लहानपणीच पोरका झाला, अनाथांच्या शाळेत वाढला आणि सरकारी कचेरीत कारकुनी करता करता या खेळात पडला. जगज्जेतेपदासाठी श्टाइनिट्झशी तो दोनदा लढला, दोन्ही वेळा हवानाला, १८८९ आणि १८९२ साली. दुसऱ्या वेळी तर शेवटच्या डावात एक मोहरा जास्त असताना त्याने आपल्या राजाच्या रक्षणाला असलेला उंटच बाजूला नेला आणि पुढच्या दोन चालींत मात होते हे दिसताच डाव सोडला. तो डाव जिंकता तर बरोबरी झाली असती. पण या माणसाचं घोड्यांवर विलक्षण प्रेम होतं. उंट घोड्यापेक्षा सरस, हे त्या काळचं मोठ्या लोकांचं मत त्याला कधीच मान्य नव्हतं.

हेस्टिंग्जला बावीस खेळाडू होते. इमान्युएल लास्कर आदल्याच वर्षी जगज्जेता झालेला. त्याच्याविरुद्ध चिगोरिनने तिसऱ्याच चालीत आपला एक उंट देऊन घोडा घेतला. आठव्या चालीत दुसरा उंट देऊन दुसरा घोडा. लास्करकडे दोन उंट, चिगोरिनकडे दोन घोडे. वजीरही लवकरच पटावरून गेले. मग चिगोरिनने काय केलं? घाई केली नाही. प्यादी अशी अडकवून टाकली की उंटांना लांबची वाटच दिसेना, आणि त्या गल्लीबोळांतून आपले घोडे मागे-पुढे, इकडे-तिकडे फिरवत चांगल्या जागी आणले. ५३व्या चालीला घोड्याने शह दिला आणि जगज्जेत्याने डाव सोडला. स्पर्धेत पिल्सबरी पहिला, चिगोरिन अर्ध्या गुणाने दुसरा आणि लास्कर तिसरा.

या डावाखाली मास्तरांनी लाल शाईने एक ओळ लिहिली होती : 'घोड्याला आधी जागा, मग काम.' ही माझी पहिली खरी शिकवणी. मी किमती मोजत होतो आणि मास्तर जागा मोजत होते.

मोड नसलेली नोट

तिसरं परिपत्रक अखेर सापडलं. १९९९ साली लॅरी कॉफमन नावाच्या अमेरिकन खेळाडूने संगणकातले जुने डाव चाळून, कोणत्या मोहऱ्यांच्या बदल्यात कोणते मोहरे असले की प्रत्यक्षात कोण जिंकतं, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या हिशेबाने घोडा सव्वातीन आणि हत्ती पाच. शिवाय त्याने एक बारीक नियम सांगितला. आपली प्यादी पाचाहून जितकी जास्त, तितका आपला घोडा थोडा महाग आणि हत्ती थोडा स्वस्त. पाचाहून कमी झाली की उलट. दर प्याद्यामागे घोड्याचा फरक एक-सोळांश, हत्तीचा एक-अष्टमांश.

मी आमचा डाव त्यात बसवला. मास्तरांची तीन प्यादी, म्हणजे पाचाला दोन कमी. प्रत्येक घोडा सव्वातीनावरून ३.१२५ वर आला. दोन मिळून ६.२५. माझी चार प्यादी, पाचाला एक कमी, म्हणून हत्ती ५.१२५ वर चढला. अधिक माझं जास्तीचं प्यादं, ६.१२५. फरक किती? साडेबारा पैसे. आमच्या लहानपणच्या भाषेत, एक चवली! मास्तर एका चवलीने पुढे होते.

पण चवलीवर डाव जिंकला जात नाही. ही चवली येते कुठून, ते कळल्याशिवाय चैन पडेना. एका रात्री जुना पट मांडून बसलो आणि अचानक लख्ख दिसलं.

समजा, माझं एक प्यादं आहे आणि त्याची राखण माझा हत्ती करतोय. त्यावर समोरच्याचा एक घोडा आणि राजा असे दोघे चालून आले. घोड्याने प्यादं मारलं. आता मी हत्तीने घोडा मारला, तर त्याचा राजा माझा हत्ती खातो. तिनाच्या बदल्यात पाच गेले, वर प्यादं गेलं ते वेगळंच. म्हणून मी मारूच शकत नाही. हत्ती राखण करतोय असं नुसतं दिसतं, प्रत्यक्षात ती राखण नसतेच. याउलट त्याचं प्यादं घोड्याने राखलेलं असेल आणि माझ्या हत्तीने ते मारलं, तर तो आनंदाने घोड्याने हत्ती मारेल.

बसमध्ये पाचशेची नोट घेऊन चढलेल्या माणसासारखी हत्तीची गत होते. श्रीमंत आहे, पण दहा रुपयांचं तिकीट काढता येत नाही. हत्तीची मोड मिळत नाही! दोन घोडे म्हणजे सुटे पैसे. एक इथे खर्च करा, एक तिथे. एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला लावा, किंवा दोघांना एकाच घरावर लावा. हत्ती कितीही बलवान असला तरी एका वेळी एकाच जागी असतो.

अडतीस वर्षं काउंटरवर लोकांना मोड देणाऱ्या माणसाला हे कळायला मास्तर जावे लागले.

घोड्यांची उणी बाजू

इतिहास सांगायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पटावरची सगळी प्यादी संपली की घोड्यांचं तेज उतरतं. एकटा हत्ती आपल्या राजाच्या मदतीने समोरच्या एकट्या राजाला हमखास मात देतो. दोन घोड्यांना मात्र ते जबरदस्तीने जमत नाही. ते राजाला कोपऱ्यात कोंडतात, पण शेवटच्या क्षणी राजाला शह नसतो आणि चालही उरत नाही, म्हणून डाव बरोबरीत सुटतो. आणि फक्त हत्ती विरुद्ध दोन घोडे, प्यादी कोणाकडेच नाहीत, असं असेल तर साधारणपणे बरोबरीच. म्हणजे हत्तीवाल्याने प्यादी मारामारीत संपवून टाकावीत आणि घोडेवाल्याने जपावीत.

यात एक गंमत आहे. समोरच्याकडे एक प्यादं शिल्लक असेल तर दोन घोडे कधी कधी जिंकतात, कारण राजा कोंडला गेला तरी त्याला प्याद्याची चाल करावीच लागते आणि तेवढ्यात मात होते. ते प्यादं कुठपर्यंत पुढे आलेलं चालेल, याचा सगळा अभ्यास विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्सेई त्रोइत्स्की नावाच्या रशियन माणसाने केला. हा जंगल खात्यातला माणूस. रानात राहून, संगणक नसताना, हाताने केलेलं काम! पुढे संगणकांनी तपासलं तेव्हा ते बहुतांशी बरोबर निघालं. काही स्थितींत तर मात करायला ११५ चाली लागतात. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला, त्यात १९४२ साली त्रोइत्स्की गेला. त्याच्याविषयी वाचताना मला सारखे कंदील लावून कूटं सोडवणारे आमचे मास्तर दिसत होते.

पाकीट

डिसेंबर २०२४मध्ये गुकेश जगज्जेता झाला आणि आपल्या टेबलाभोवती मुलांची गर्दी सुरू झाली. जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून मुलीही येऊ लागल्या. त्यांत मास्तरांची नात होती. नववीतली. आजोबा गेले तेव्हा दोन वर्षांची. तिला आजोबा आठवत नाहीत, पण त्यांची वही तिने पाठ केली आहे.

गणपतीत एका संध्याकाळी मी तिला म्हणालो, "बाळा, तुझ्या आजोबांचा एक डाव माझ्याकडे राहिलाय. खेळशील?"

पे-इन स्लिप बघून आम्ही पट मांडला. वहिनी खाली येऊन खुर्चीवर बसल्या. मी पाकीट काढलं. नियमाप्रमाणे आधी तेच उघडायचं. डिंक सुकला होता, पाकीट आपोआपच सुटलं.

मला बारा वर्षं खात्री होती की आत घोड्याची चाल असणार. तशी नव्हती. मास्तरांनी लिहिलं होतं : राजा, एक घर डावीकडे.

एवढंच. घोड्यांना हातच लावला नव्हता. आधी राजाला कामाला लावलं. तो माझ्या लाडक्या मोकळ्या प्याद्याकडे निघाला होता.

पुढचा डाव नातीने खेळला. मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे प्याद्यांची मारामारी करायला बघत होतो, पण ती टाळत होती. तिने एक घोडा माझ्या मोकळ्या प्याद्याच्या पुढच्याच घरात आणून बसवला. दुसऱ्या घोड्याने माझ्या हत्तीला इकडून तिकडे हुसकायला सुरुवात केली. राजा एक एक घर चालत आला. माझा राजा उजवीकडच्या तीन प्याद्यांना सोडून येऊ शकत नव्हता. शेवटी घोडा आणि राजा दोघे त्या प्याद्यावर आले, हत्ती राखणीला उभा होता आणि तरीही प्यादं गेलं. मी मारू शकलो नाही. माझ्या हातात पाचशेची नोट होती.

त्यानंतरही मी तासभर झुंजलो. मग एका घोड्याने माझ्या राजाला शह दिला आणि त्याच उडीत हत्तीवर नेम धरला. राजा हलवावाच लागला, हत्ती गेला.

मी माझा राजा पटावर आडवा केला. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही बरोबरी मागितली होती ना?"

मी म्हणालो, "मागितली होती. तुझ्या आजोबांनी दिली नाही. बरोबर केलं त्यांनी."

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पाकीट मागून घेतलं, चाल लिहिलेला कागद नीट घडी घालून परत त्यात ठेवला आणि वर घेऊन गेल्या.

आता एक विनंती. मागच्या वार्षिक सभेत दुचाक्यांना जागा कमी पडते म्हणून ते टेबल काढायचा विषय निघाला होता आणि पुढे ढकलला गेला. अडचण खरी आहे, मीही सभासद आहे, मला समजते. पण ठराव पुन्हा येईल तेव्हा एवढं लक्षात असू द्या, की त्या जागेत फार तर दोन स्कूटर मावतील. हा हिशेब मी टेपने मोजून केला आहे. बेरीज बरोबर आहे. बाकीचा हिशेब आपण सगळ्यांनी मिळून करावा.

टेबलावरची काळी घरं पुसट झाली आहेत. दिवाळीनंतर रंगाऱ्याला बोलावतोय. चहा माझ्याकडून.